एनएसएसचे तास पूर्ण होत आले. आता खरोखर काही शिकवून जाईल असे कोणते काम निवडावे?

उमरेडची_वाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घर उमरेड तालुक्यातील एका गावी आहे आणि अकरावीपासून मी नागपुरात मामांकडे राहते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) नाव नोंदवले आणि ठरलेल्या तासांपैकी बरेचसे पूर्णही झाले. या काळात वृक्षारोपण झाले, मतदार जनजागृतीची फेरी झाली, परिसर स्वच्छता झाली, योग दिनाला हजेरी लागली. यातले कोणतेही काम वाईट नव्हते. परंतु प्रत्येक कार्यक्रम दोन-तीन तासांत आटोपतो, सर्वांचा एकत्र फोटो निघतो, अहवाल लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी आपण होतो तसेच असतो, अशी माझी भावना झाली आहे.

मी मुळात अबोल आहे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही, आणि बँकेत किंवा तहसील कार्यालयात साधी चौकशी करायची असली तरी सोबत कोणीतरी लागते. पदवीनंतर चार लोकांत वावरायचे तर हे बदलले पाहिजे, हे मला कळते. मात्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या एखाद्या वर्गात टाळ्या घेत भाषण करून ते बदलेल, असे मला वाटत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा मामांच्या घरातही पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर ओळखपाळख नसलेली काही मुले-मुली फावडी आणि घमेली घेऊन आली आणि त्यांनी घरातला गाळ उपसून दिला. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याच वयाची होती. शेजारचे काका घाईने वीज सुरू करायला निघाले, तेव्हा तिने त्यांना थांबवले आणि आधी वायरमनकडून तपासून घ्या, असे शांतपणे पण ठामपणे सांगितले. ते त्यांनी ऐकलेही. आपल्यालाही असे बोलता आले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

सध्या माझ्यासमोर तीन-चार पर्याय आहेत: वस्तीतील मुलांना शिकवणे, अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांत मदत करणे आणि उन्हाळ्यात एखाद्या निवासी शिबिराला जाणे. यांतून निवड कशी करावी? दुसरे म्हणजे, स्वतःची वाढ व्हावी म्हणून सेवेला जाणे हे मुळातच चुकीचे आहे का? आणि तिसरे, बाबा म्हणतात की आधी शिक्षण पूर्ण कर, समाजसेवा नंतर आयुष्यभर आहेच. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_कार्यक्रम_अधिकारी यांचे उत्तर

बेटा, मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले आणि त्यातील बराच काळ राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून तुला ‘तू’ म्हणूनच लिहितो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मनातून गेला की बाकीचे सोपे होईल. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचे ब्रीद ‘मी नव्हे, तर तुम्ही’ असे असल्यामुळे अनेक मुलांना वाटते की स्वतःच्या वाढीचा विचार मनात आणणे म्हणजे या ब्रीदाशी प्रतारणा होय. परंतु योजनेचे मूळ उद्दिष्ट समाजसेवेच्या द्वारे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास करणे हेच आहे. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि त्यासोबत सात दिवसांचे विशेष शिबिर ही सगळी रचना विद्यार्थी घडावा म्हणूनच केलेली आहे. तेव्हा तुझ्या हेतूत काहीही गैर नाही. प्रश्न एवढाच की ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची गरज आणि तुझी गरज यांतली कोणती पुढे ठेवली जाते. ती जागा त्यांची आहे, हे पक्के असले की पुरे.

आता तासांविषयी. तुझी तक्रार रास्त आहे आणि ती अनेक महाविद्यालयांना लागू पडते. एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे साधारण शंभर स्वयंसेवकांचे एकक असते, त्याला स्वतःचे तास घ्यायचे असतात आणि वरून एकामागून एक दिवस साजरे करण्याची पत्रके येत असतात. अशा वेळी सर्वांना एकदम सामावून घेणारे कार्यक्रमच होतात. मात्र विशेष शिबिर हा त्यातला वेगळा भाग आहे आणि ते तू अजून केलेले दिसत नाही. महाविद्यालयाने कामासाठी दत्तक घेतलेल्या गावात सात दिवस राहायला मिळते, त्या सात दिवसांत एखादी जबाबदारी मागून घे.

कळमेश्वर तालुक्यातील एका गावात आमच्या शिबिरार्थींनी वनराई बंधारा बांधला होता, त्याची हकीकत सांगतो. पावसाळा सरला आणि नाल्याची धार मंदावली की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू किंवा माती भरून हा बंधारा घालतात. पोते ठासून भरायचे नसते. थोडी जागा सोडून तोंड सुतळीने शिवले तरच ते आडवे नीट बसते. एका थरातील दोन पोत्यांच्या सांध्यावर वरच्या थरातील पोते येईल अशी सांधेमोड करावी लागते आणि थरांमध्ये माती दाबून भरावी लागते, नाहीतर पाणी फटीतून निघून जाते. खर्च जवळपास नाही आणि अडलेल्या पाण्याचा आसपासच्या विहिरींना, रब्बीच्या पिकाला व गुराढोरांना उपयोग होतो. हे सारे मुलांना एका सकाळी समजले. बंधाऱ्याची जागा ठरवणे मात्र तितके सोपे नव्हते.

काठालगत ज्यांचे शेत होते त्या शेतकऱ्याला भीती होती की पाणी तुंबून तुरीच्या बुडाशी येईल आणि उभे पीक जाईल. भीती खोटी नव्हती, कारण तुरीला साचलेले पाणी सोसत नाही. त्यांच्याशी बोलण्याचे काम मी मुद्दाम गटातील सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलीकडे दिले. तिने भाषण केले नाही. ती त्यांच्यासोबत नाल्यात उतरली, पाणी कुठवर चढलेले चालेल ते त्यांनाच विचारले, त्यांनी हाताने दाखवलेल्या ठिकाणी काठाच्या दगडावर चुन्याची रेघ ओढली आणि बंधाऱ्याची उंची त्या रेघेच्या एक वीत खाली ठेवण्याचे सर्वांसमोर कबूल केले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः पोती उचलायला आले. ती मुलगी पुढे वक्ता झाली नाही, परंतु बोलण्याआधी विचारायचे असते हे तिला उमगले होते आणि त्यामुळे तिला बोलायची भीती राहिली नव्हती.

उन्हाळ्यातील निवासी शिबिराचे म्हणशील तर आपल्या विदर्भासारखी सोय इतरत्र क्वचितच असेल. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. सकाळी श्रमदान आणि नंतर विचारांची देवाणघेवाण असा तिचा दिनक्रम असतो आणि राज्यभरातून मुले येतात. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ मध्ये ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. शिक्षण आणि कौशल्य कोणत्या प्रश्नासाठी वापरायचे, याचा विचार तिथे नेटाने होतो. दोन्हींचे अर्ज वेळेत भरावे लागतात. मेमधले आपल्याकडचे ऊन तुला सांगायला नकोच. डोक्याला दुपट्टा आणि पाण्याची बाटली यांची सवय आधीपासूनच असेल.

वस्तीतली_अभ्यासिका यांचे उत्तर

सरांचे अनुभव मोलाचे आहेत, पण शिबिरांविषयी माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडते. मी उत्तर नागपुरातील एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मुले पाचवी ते आठवीची, जागा समाजभवनाची. शिबिरे तरुणांना भारावून टाकतात, आणि त्या भरात अनेक जण आमच्याकडे येतात. कोणी वाढदिवसाला केक घेऊन येतो, कोणी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी येतो, कोणी खरोखरच मनापासून येतो. यांतले बहुतेक जण महिन्याभरात यायचे थांबतात. त्यांच्यासाठी तो एक अनुभव असतो. आमच्या मुलांच्या दृष्टीने मात्र आणखी एक ताई किंवा दादा निघून गेलेला असतो.

मुले हे फार बारकाईने टिपतात. कोणीही नवे माणूस आले की वर्ग सुटताना हमखास एक प्रश्न येतो, ‘ताई, उद्या येशीन ना?’ या प्रश्नाला उत्साहाने हो म्हणू नका. तुम्ही आठवड्यातून एकदाच येऊ शकत असाल तर शनिवारीच येईन असे सांगा आणि मग शनिवार चुकवू नका. परीक्षा आली, गावी जायचे असले, तर आदल्या आठवड्यात मुलांना स्वतः सांगा. माझ्याकडे निरोप ठेवू नका. काम कधी थांबवणार आहात तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. एका सत्रापुरते येते, असे म्हणणारी आणि तसेच वागणारी मुलगी मला आयुष्यभराची आश्वासने देणाऱ्यांपेक्षा जास्त हवी आहे.

शिकवण्याविषयी एक गोष्ट लिहिते, कारण तुम्ही विज्ञानाच्या विद्यार्थिनी आहात आणि गणित शिकवायला सांगितले जाण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे एक मुलगा आईच्या भाजीच्या गाडीवर बसतो. पावकिलो, अर्धा पाव, सुट्टे परत देणे हे सारे तो तोंडी आणि अचूक करतो. फळ्यावर पाव अधिक अर्धा असे अपूर्णांकात मांडले की तोच मुलगा वर एक आणि एक दोन, खाली चार आणि दोन सहा, अशी बेरीज करून मोकळा होतो. त्याला पुन्हा पुन्हा रीत सांगून उपयोग झाला नाही. एका स्वयंसेविकेने त्याला गाडीवरचीच वजने आणायला सांगितली, अडीचशे ग्रॅम आणि पाचशे ग्रॅम एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात काय ठेवशील असे विचारले. त्याने अडीचशेची तीन वजने मागितली. त्यानंतर अर्ध्याचे दोन पाव करून घ्यावे लागतात, हे त्यानेच इतरांना समजावले. ही युक्ती तिला पहिल्या दिवशी सुचली नव्हती. कित्येक आठवडे ती त्या मुलांत बसली, त्यांच्या घरी गेली, कोण कुठे काम करते हे तिला ठाऊक झाले, तेव्हा सुचली. म्हणून नवनवे अनुभव गोळा करण्याच्या कल्पनेबद्दल मला शंका आहे. तुम्ही चार पर्याय लिहिले आहेत. चारही करून पाहू नका. एक निवडा आणि आपण न गेल्यास कोणाचे तरी अडेल इतके दिवस तिथे राहा.

मिहानची_लेखनिक यांचे उत्तर

मी नागपुरातच शिकले आणि आता मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कंपनीत नोकरी करते. पदवीच्या काळात अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसू लागले आणि परीक्षांच्या हंगामात सुट्टी मिळाली तर अजूनही बसते. तू अबोल आहेस असे लिहिलेस म्हणून हा पर्याय तुझ्यासाठी सुचवावासा वाटतो. याची कारणे जरा विस्ताराने सांगते.

लेखनिकाचे काम म्हणजे सांगितलेले लिहिणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात ते ऐकण्याचे आणि वाचून दाखवण्याचे काम आहे. प्रश्नपत्रिका हातात आली की ती आधी संपूर्ण वाचून दाखवायची, मध्ये न थांबता, गुणांसह. मग विद्यार्थी कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते ठरवतो. एखादा प्रश्न तीन वेळा वाचून मागितला तर तिन्ही वेळा त्याच स्वरात वाचायचा. ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतला फरक कानाला कळला पाहिजे. तो बोलत असताना शब्द गिळायचे नाहीत आणि आपले घालायचेही नाहीत. इतिहासाच्या पेपरला माझ्या विद्यार्थिनीने एक सन सांगितला, तो चुकीचा आहे हे मला माहीत होते, आणि तो तसाच लिहिताना माझा हात जड झाला होता. पण उत्तर तिचे होते. पुढच्या परिच्छेदापर्यंत गेल्यावर तीच थांबली, मागची ओळ वाचायला सांगितली आणि सन बदलून घेतला. मी मध्ये काही सुचवले असते तर ते नियमाविरुद्ध तर झाले असतेच, शिवाय स्वतःची चूक स्वतः पकडण्याचा तिचा अधिकार मी हिरावून घेतला असता.

नियमांची माहिती आधी करून घे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थींना दर तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर लेखनिकाची शैक्षणिक पात्रता त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावी, असे २०१८ च्या सूचनांत होते; २०२५ मध्ये नव्या सूचना आल्या आहेत, त्यामुळे पात्रतेची सध्याची अट तपासून घे. तू बारावी उत्तीर्ण असल्याने दहावीच्या मुलांसाठी बहुधा बसू शकणार नाहीस; पदवीच्या परीक्षार्थींसाठी तुझी पात्रता चालते का, ते विचारून घे. तरीही प्रत्येक परीक्षा मंडळाचे स्वतःचे नमुने आणि मुदती असतात, त्यामुळे पेपरच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा परीक्षा विभागात आधी जाऊन विचारावे. आणि हो, ही विचारपूस तुलाच करावी लागेल. खिडकीपाशी उभे राहून ‘या अर्जावर सही कोणाची लागते’ हे विचारण्याची मला इतकी सवय झाली की नंतर स्वतःच्या कामांसाठी कोणाला सोबत न्यायची गरज उरली नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. परीक्षा वर्षातून थोडेच दिवस असतात, पण अभ्यास वर्षभर चालतो. अंध विद्यार्थ्यांना ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात हवी ती मराठी पुस्तके वेळेवर मिळतातच असे नाही. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकांचे आणि नोट्सचे वाचन करून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून देणे हे काम तू घरी बसून करू शकतेस आणि त्याला पात्रतेची अट नाही. आकृती आली तर ती सोडून पुढे जायचे नाही, शब्दांत सांगायची. ‘खालील आकृतीवरून स्पष्ट होते’ असे नुसते वाचून ऐकणाऱ्याला काहीच स्पष्ट होत नाही. हृदयाच्या आकृतीचे वर्णन करताना डावी बाजू कोणाची, पाहणाऱ्याची की हृदयाची, हे आधी सांगावे लागते. माझे स्वतःचे जीवशास्त्र त्या वर्षी जितके पक्के झाले तितके कोणत्याही शिकवणीत झाले नव्हते. बाबांना हे जरूर सांग.

आरोग्य_सखी यांचे उत्तर

तुम्ही सिकलसेलचा उल्लेख केला आहे म्हणून थोडक्यात लिहिते. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून तपासणीचे काम वाढले आहे. रक्त घेणे आणि चाचणी करणे हे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे काम आहे. स्वयंसेवकाने नोंदी करणे, रांग सांभाळणे आणि लोकांना नीट समजावून सांगणे अपेक्षित असते.

समजावण्याचा भाग सोपा नाही. ‘वाहक’ व्यक्ती, म्हणजे ज्याला आम्ही एएस म्हणतो, ती सहसा निरोगी आयुष्य जगते. ‘एसएस’ म्हणजे आजार असलेली व्यक्ती. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल एसएस असण्याची शक्यता चारातून एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, आणि नेमके हेच लोकांच्या गळी उतरवणे कठीण जाते. तुम्ही विज्ञान शिकता, तुमच्यासाठी ही आनुवंशिकता पुस्तकातली आहे. समोर बसलेल्या आईसाठी मात्र तो तिच्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न असतो.

म्हणून एक नियम काटेकोरपणे पाळा. कोणाचाही निकाल मोठ्याने वाचायचा नाही, कार्ड उलटे धरून हातात द्यायचे, आणि गावातल्या कोणी ‘तिचे काय निघाले’ असे विचारले तर ते सांगता येत नाही, एवढेच म्हणायचे. एका शिबिरात वयस्कर, मानाच्या गृहस्थांनी एका स्वयंसेविकेला होणाऱ्या सुनेचा निकाल विचारला. ती एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहिली, नमस्कार केला आणि म्हणाली, ‘काका, दोघांनी मिळून यावे, डॉक्टर दोघांनाही समजावून सांगतील.’ ते रागावले, पण नंतर आले. ज्या ठामपणाबद्दल तुम्ही लिहिले आहे, तो मी तिच्यात पाहिला. एरवी ती फार कमी बोलायची.

दोन_मुलींचा_बाप यांचे उत्तर

तुमच्या बाबांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. मुलगी शहरात, दुसऱ्याच्या घरी राहून शिकत असेल तर बापाला पहिली काळजी अभ्यासाची नसते. कुठे जाते, कोणासोबत जाते आणि परत कशी येते, ही ती काळजी असते. ‘आधी शिक्षण’ हे ती सांगण्याचे एक रूप आहे. माझ्या थोरल्या मुलीने मला समाजसेवेचे महत्त्व समजावले नाही. तिने संस्थेतील ताईंचा फोन नंबर दिला, वार आणि वेळ सांगितली, आणि एका रविवारी मला सोबत नेले. तिथे ती काय करते ते पाहिल्यावर माझा विरोध राहिला नाही. सत्र परीक्षेच्या महिन्यात काम बंद ठेवण्याचे तिने आपणहून कबूल केले होते, त्याचाही उपयोग झाला. तुमच्या मामांनाही यात घ्या. त्यांच्या घरी तुम्ही राहता, तेव्हा उशीर झाला तर वाट पाहणारे तेच असतात.

जुना_कार्यक्रम_अधिकारी यांचे आणखी एक उत्तर

अभ्यासिकेच्या ताईंचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त एक भर घालतो. शिबिर ही कामाची सुरुवात म्हणून उपयोगी असते, कारण घरापासून दूर, अनोळखी मुलांसोबत राहून, स्वतःचे ताट स्वतः घासून राहण्याची सवय तिथे होते आणि आपल्याला कोणते काम झेपते हे कळते. नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमांनाही श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. त्यामुळे नियमित कामाची नोंद ठेवली तर ती अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट राहत नाही. आपल्या महाविद्यालयात ही व्यवस्था नेमकी कशी आहे, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून विचार.

उमरेडची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. सर, ताई, काका, मी सगळे दोनदा वाचले आणि मामींनाही वाचून दाखवले. तुरीच्या शेताची आणि वजनांची गोष्ट त्यांना फार आवडली.

मी या सत्रासाठी ध्वनिमुद्रणाचे काम घ्यायचे आणि पुढच्या परीक्षेपासून लेखनिक म्हणून बसायचे ठरवते आहे. वस्तीत शिकवण्याची इच्छा आहे, परंतु दर आठवड्याला न चुकता जाण्याची खात्री मला आज देता येत नाही, म्हणून तो शब्द आत्ता देत नाही. बाबा दिवाळीला येतील तेव्हा ज्या संस्थेसाठी हे काम करेन तिथे त्यांना घेऊन जाईन. विशेष शिबिरासाठी नाव मात्र उद्याच देते, आणि जबाबदारी कोणती मिळेल तेही विचारते.

लेखनिक ताई, एक शंका आहे. ज्या विद्यार्थिनीसाठी बसायचे तिची आणि आपली ओळख नसेल तर पेपरच्या दिवशी अडचण होत नाही का? मला पहिल्या भेटीत पटकन बोलता येत नाही, आणि माझ्या संकोचाचा तिच्या गुणांवर परिणाम होऊ नये असे वाटते.

मिहानची_लेखनिक

अडचण होते, म्हणून पेपरच्या आधी किमान एकदा भेटायचेच. संस्थेला तसे सांगितले तर ती वेळ ठरवून देते. भेटीत गप्पा सुचल्या नाहीत तरी हरकत नाही. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन जा आणि अर्धा तास ती सांगेल तसे लिहून पाहा. तुझा वाचण्याचा वेग तिला चालतो का, विरामचिन्हे ती सांगणार की तू घालायची, नवा परिच्छेद कसा कळवणार, खोडायचे असेल तर कोणता शब्द वापरणार, हे सारे तेव्हाच ठरते. माझी विद्यार्थिनी ‘काट’ म्हणायची आणि पुढे किती शब्द ते सांगायची.

संज्ञा, विशेषनामे आणि इंग्रजी शब्द यांची यादी तिच्याकडून आधीच मागून घे, कारण पेपरमध्ये स्पेलिंग तिनेच अक्षर-अक्षर सांगायचे असते आणि त्यात वेळ जातो. अक्षर मोठे आणि सुटे काढण्याचा सराव कर. सलग चार तास लिहिल्यावर शेवटच्या पानाचे अक्षर पहिल्या पानासारखे राहिले पाहिजे. दोन पेन सोबत ठेव आणि ओळखपत्राच्या दोन प्रती घे, केंद्रावर एक ठेवून घेतात. केंद्रावर अर्धा तास आधी पोहोच, कारण लेखनिकांची बसायची खोली बहुधा वेगळी असते आणि ती शोधण्यात वेळ जातो. तिला खोलीपर्यंत नेताना तिचा हात धरून ओढू नकोस. तुझा कोपर पुढे कर, ती धरेल आणि अर्धे पाऊल मागून चालेल. पायऱ्या आल्या तर चढायच्या की उतरायच्या एवढे सांग.